बाथरूमचं काम काढताय? टाइलचं दुकान शेवटी गाठा

पाच बाय सात फुटांच्या बाथरूमला भिंतीच्या आणि जमिनीच्या मिळून साधारण साडेदहा हजारांच्या टाइल लागतात. साध्या, बऱ्या दिसणाऱ्या, ५०-५५ रुपये फुटाच्या. आणि त्याच बाथरूमचं सगळं काम, म्हणजे जुनं फोडण्यापासून नवीन दाराची कडी लावेपर्यंत, दीड लाखाच्या पुढे जातं. तरी लोक दोन महिने घालवतात ते टाइलच्या दुकानात. घरात भांडणंही टाइलवरूनच होतात. वॉटरप्रूफिंग कोणतं करणार, पाइप कुठला टाकणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. ते "तुम्ही बघून घ्या ताई".

मी सिव्हिल डिप्लोमा केलेली बाई. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या सोसायट्यांमधली बाथरूम, संडास आणि किचनचे ओटे हेच माझं काम. गिऱ्हाईक बहुतेक पेन्शनर, नाहीतर मुलाचं लग्न ठरलंय म्हणून घाईत असलेले आईबाप. त्यांना मी आधी एकच प्रश्न पाठ करायला लावते. प्रत्येक वस्तूपुढे विचारायचं: हे उद्या बदलायचं झालं तर फोडावं लागेल का? फोडावं लागणार असेल तर तिथे काटकसर नाही. पान्ह्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने निघणार असेल तर खुशाल स्वस्तातलं घ्या, चार वर्षांनी हौस फिटेल तेव्हा बदला.

आधी गळतंय कुठून ते शोधा

निम्मी कामं निघतात ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या तक्रारीमुळे. सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींप्रमाणे संडास-मोरीच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याची सदनिका त्याचा. गच्ची आणि बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा खर्च सोसायटीचा. म्हणून पाणी कुठलं हे ठरल्याशिवाय हातोडा उचलू नका.

खालच्या छताचा डाग फक्त जून ते ऑक्टोबर ओला असेल तर बाहेरच्या भिंतीकडे किंवा डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या उभ्या पोकळीतल्या, पाइपकडे बघा. बारा महिने ओला असेल तर बहुधा तुमच्याकडून आहे. मग घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा, मोरीत पाणी ओतू नका, आणि दोन-तीन दिवस असंच करून डागावर नजर ठेवा. कॉक बंद केल्यावर थेंब थांबला तर नळाकडे जाणारा पाइप फुटलाय. तसं असेल तर कदाचित एक झिरी फोडून काम भागेल, सगळं बाथरूम काढायची गरज नाही. कॉक बंद असताना थेंब चालू राहिला तर सांडपाण्याची बाजू. कपड्यांची नीळ बादलीत कालवून नहाणीत ओता. खाली निळसर उतरलं की वॉटरप्रूफिंग किंवा नहाणीच्या पाइपचा जोड गेला हे नक्की. दहा रुपयांच्या निळीत हजारो रुपयांचा निर्णय होतो.

काम सुरू करायच्या आधी खालच्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढून ठेवा. नंतर "ही भेग तुमच्या ब्रेकरने पडली" असा वाद निघतोच, आणि तोही प्रेमाचा शेजार असलेल्या ठिकाणी जास्त.

वहीतला हिशेब

पाच बाय सात, एक कमोड, एक बेसिन, टाइल सात फुटांपर्यंत, सगळं स्लॅबपर्यंत खरवडून नवीन. मी सध्या अंदाज देते तो असा असतो. दर तुमच्या गावात आणि तुमच्या मजल्यावर बदलतील, पण कशाला किती वजन आहे ते कळेल:

फोडतोड, राडारोडा खाली नेणं आणि टेम्पो: १८,०००
वॉटरप्रूफिंग आणि कोबा (टाइलखालचा विटांच्या तुकड्यांचा थर): २२,०००
पाइप, फिटिंग, प्लंबरची मजुरी: २६,०००
टाइल: १०,५००
ग्रॅनाइटचा उंबरा आणि कडा: ४,५००
सिमेंट, वाळू, अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट: १२,०००
टाइल बसवायची मजुरी: १३,०००
कमोड, फ्लश, बेसिन: १६,०००
मिक्सर, नळ, शॉवर, जेट: १७,०००
वायरिंग, लाइट, एक्झॉस्ट फॅन: ७,०००
दार आणि चौकट: ९,५००
गीझर: ९,०००

बेरीज १,६४,५००. त्यावर दहा टक्के हातचे ठेवा. जुन्या इमारतीत फोडल्यावर काय निघेल हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. कधी स्लॅबच्या गजांना गंज, कधी मध्येच कुणीतरी पूर्वी जोडून ठेवलेला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा, तुकडा.

आता ही यादी पुन्हा वाचा. पहिल्या तीन ओळी मिळून ६६,०००, म्हणजे चाळीस टक्के. हा पैसा काम संपल्यावर डोळ्याला दिसतच नाही. टाइल सहा-साडेसहा टक्के. ५० ऐवजी १०० रुपये फुटाची टाइल घेतली तरी एकूण खर्च दहा-अकरा हजारांनीच वाढतो. म्हणून टाइल स्वस्त घेऊन फार वाचवलं असं समजू नका. उलटंही खरंच आहे: भारी टाइल लावली म्हणून बाथरूम भारी होत नाही.

खर्च खरोखर कमी करायचा तर जागा तीनच. कमोड आणि नहाणीची जागा हलवू नका. कमोड दोन फूट सरकवला की खालचा सगळा पाइप, त्याचा उतार आणि डक्टमधला जोड नव्याने करावा लागतो. दुसरं, टाइल छतापर्यंत नेऊ नका. नऊ फुटांच्या खोलीत सातच्या वरचे दोन फूट म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस चौरस फूट टाइल, तेवढंच अ‍ॅडहेसिव्ह, तेवढीच मजुरी. पाणी तिथे उडत नाही. बुरशीला दाद न देणारा रंग मारा, पुरतो. तिसरं, दोन बाथरूम असतील तर एकाच वेळी काढा. फोडणारी माणसं, टेम्पो आणि सोसायटीची परवानगी एकदाच लागते. फक्त तेवढे दिवस आंघोळीला कुठे जायचं ते आधी ठरवा.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. बाथरूमला सिमेंट लागतं जेमतेम सात-आठ गोणी, तेव्हा त्यातून फार काही सुटत नाही. पण कुणी जुन्या दराचं कोटेशन पुढे केलं तर विचारायला हरकत नाही.

पाइप: छापलेलं वाचा

१९८०-९०च्या इमारतींत जीआयचे पाइप आहेत. आतून गंज धरून भोक इतकं बारीक होतं की वरून नळ बदलून काही फरक पडत नाही. एकदा भिंत उघडलीच आहे तर जीआयचा एकही तुकडा आत ठेवू नका. "हा चांगला आहे ताई, राहू दे" असं प्लंबर म्हणेल. तरी काढा.

गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप. थंडाला साध्या प्लॅस्टिकचा यूपीव्हीसी चालतो, पण एवढ्याशा बाथरूममध्ये दोन्ही ओळींना सीपीव्हीसीच टाकला तर फरक किरकोळ पडतो आणि उद्या कुणी चुकून गरम ओळीला यूपीव्हीसी जोडण्याचा धोका राहत नाही. पाइपवर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असं छापलेलं असतं, म्हणजे पाइपचा व्यास भागिले त्याची जाडी. आकडा लहान तितकी पाइपची भिंत जाड. ११ घ्या. नळ, मिक्सर, अँगल कॉक जिथे आट्यांवर बसतात तिथे पितळी आटे असलेलंच फिटिंग हवं. प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी नळ जोर लावून पिळला की चीर जाते, आणि ती दिसते टाइल लागल्यानंतर.

सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाइपवरही टाइप ए की टाइप बी ते छापलेलं असतं. ए हा हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी, पातळ. संडास आणि मोरीच्या पाण्याला बी. बिलावर नुसतं "चार इंची पाइप" लिहिलेलं असेल तर गोदामातून काय येईल त्याचा भरवसा नाही. साइटवर माल उतरला की मी चष्मा लावून आधी ही छपाई वाचते. कामगारांना वाटतं ताई देवाची पोथी वाचतायत.

झिऱ्या बुजवायच्या आधी हातपंप लावून ओळीला दाब द्या आणि काटा रात्रभर बघा. सकाळी काटा उतरलेला असेल तर कुठल्यातरी जोडाला सोल्यूशन नीट लागलेलं नाही. पंप कुठलाही बरा प्लंबर आणू शकतो. "आपलं काम चेक करायची गरज नाही" म्हणणारा प्लंबर बदला. आणि झिऱ्या उघड्या असताना भिंतीला मेजरिंग टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. उद्या टॉवेलचा रॉड ठोकताना हाच फोटो कामाला येतो.

वॉटरप्रूफिंग

इथे मी कुणाचंही ऐकत नाही.

जुना भराव पूर्ण काढायचा, स्लॅबचं काँक्रीट दिसेपर्यंत. अर्धवट काढून वर नवा थर घालणं म्हणजे ओल्या गादीवर नवी चादर. स्लॅब घासून, धुऊन, सुकवून घ्यायचा. भेगा आणि पाइपभोवतालची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. गळती चौरस फुटांतून होत नाही, कोपऱ्यांतून आणि भोकांतून होते: नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याभोवती, पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे, आणि जमीन-भिंत जिथे मिळते त्या कडेला. त्या कडेला काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटचा वाटा मारून गोलाई द्यायची, म्हणजे लेपाचा पापुद्रा तिथे तुटत नाही.

मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सोडून. दोन हातांचे रंग थोडे वेगळे करता आले तर उत्तम, म्हणजे दुसरा हात कुठे राहिला ते लगेच दिसतं. हा लेप भिंतीवर सगळीकडे निदान फूटभर चढवा, आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत. शॉवरच्या भिंतीच्या पलीकडे बेडरूमचं कपाट असतं आणि त्याची पाठ कुजते, ती याच आळसामुळे.

आता पाणी भरायचं. नहाणीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घालून वर सिमेंट थापायचं, दारात विटांचा छोटा बांध, आणि दीड-दोन इंच पाणी. पाण्याच्या रेषेवर भिंतीवर पेन्सिलने खूण. अठ्ठेचाळीस तास. रेषेखाली एखादं सूत (इंचाचा आठवा भाग) पाणी उतरलं तर ते वाफेचं. अर्धा इंच उतरलं तर वाफ नाही. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी खाली जाऊन मोबाइलचा टॉर्च छताला तिरका लावून बघा. सरळ लावला तर ओल दिसत नाही, तिरक्या उजेडात चमकते. हात फिरवा. गार लागलं तर संशय घ्या. ही परीक्षा लेपानंतर एकदा आणि कोबा झाल्यावर, टाइल लावायच्या आधी, दुसऱ्यांदा. मध्ये काही फुटलं असेल तर ते दुसरीतच सापडतं.

लेपावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. भरावात फोडलेल्या टाइलचा राडा घालू देऊ नका. कंत्राटदाराचा टेम्पोचा एक फेरा वाचतो, तुमच्या स्लॅबवर मात्र कायमचं ओझं बसतं. कोब्याला आठवडाभर पाणी मारायचं. या आठवड्यात सगळ्यांना घाई होते, कारण काम थांबल्यासारखं दिसतं. पाहुणे आले तरी येऊ द्या, हा आठवडा कापू नका.

उतार कोब्यातच द्यायचा, टाइलखालच्या मालात नाही. माप साधं: दर फुटाला एक सूत. सात फुटांवर सात सूत, म्हणजे जवळपास एक इंच. याहून जास्त दिला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकतो, कमी दिला तर रोज वायपर. आणि बाथरूमची जमीन दारात बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान एक इंच खाली हवी. वर ग्रॅनाइटचा उंबरा, संगमरवराचा नको. संगमरवर पाणी पितो आणि पिवळा पडतो.

टाइल

दुकानात आता जायचं. माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहूनच येतो, तेव्हा "इम्पोर्टेड"ला फार भुलू नका.

दोन जातींमधला फरक मात्र कळायला हवा. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही नाही. यावरून सगळं ठरतं. सिरॅमिक पाण्यात बुडवून सिमेंट-वाळूवर लावली तर ती माल धरून बसते, कारण तिची पाठ सिमेंटचं पाणी ओढून घेते. व्हिट्रिफाइडची पाठ काहीच ओढत नाही, म्हणून ती साध्या सिमेंटवर वर्षा-दोन वर्षांत सुटते. तिला अ‍ॅडहेसिव्हच हवं. अ‍ॅडहेसिव्हच्या गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप लिहिलेला असतो. व्हिट्रिफाइडला टाइप २ किंवा वरचा मागा. तेव्हा भिंतीवर मोठी व्हिट्रिफाइड घ्यायची म्हणजे फक्त टाइलचा दर वाढत नाही, अ‍ॅडहेसिव्ह आणि मजुरीही वाढते, आणि जुन्या इमारतीच्या भिंती ओळंब्यात नसतात म्हणून प्लास्टरही नव्याने करावं लागतं. पाच बाय सातला भिंतीवर एक बाय दोनची सिरॅमिक पुष्कळ झाली.

जमिनीवर एक बाय एकची अँटिस्किड. दुकानदार दोन बाय दोन दाखवेल, "सांधे कमी येतात". पण मोठी टाइल चारही बाजूंनी नहाणीकडे उतरवता येत नाही. तिला तिरके काप द्यावे लागतात नाहीतर उतार मारला जातो. लहान टाइलचे सांधे पायाला पकडही देतात. ग्राउट जमिनीला इपॉक्सी, भिंतीला साधं पॉलिमरचं. जमिनीच्या तेवढ्याच इपॉक्सीला फार पैसे पडत नाहीत आणि सांधे काळे होत नाहीत. अँटिस्किड निवडताना तळवा फिरवून बघा: फार खरखरीत पोत असेल तर त्यात साबणाचा मळ बसतो आणि मग घासत बसावं लागतं.

मोजणी अशी. भिंती: चारही मिळून चोवीस फूट लांबी, सात फूट उंची, १६८ चौरस फूट. दाराचे सोळा आणि खिडकीचे चार वजा, राहिले १४८. तुटफुटीचे दहा टक्के धरून १६३. आता गंमत बघा. ज्याला आपण एक बाय दोन म्हणतो ती टाइल प्रत्यक्षात ३०० बाय ६०० मिलिमीटरची, म्हणजे १.९४ चौरस फूट, दोन नाही. पाच टाइलच्या खोक्यात ९.७ फूटच माल असतो. दुकानदार खोकं दहा फूट धरून भाव लावत असेल तर तीन टक्के तिथेच गेले. म्हणून फुटाचा भाव विचारू नका, खोक्याचा विचारा. १६३ भागिले ९.७, सतरा खोकी. एक जास्तीचं घ्या, अठरा. ते खोकं माळ्यावर टाका. दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर दुकानातच जुळवून घ्या, घरी आल्यावर दुकानदार ऐकत नाही.

टाइल लावताना गवंड्याच्या हातात दातेरी थापी आहे का बघा. बरेच जण टाइलच्या पाठीवर पाच गोळे ठेवून दाबतात. मधली जागा पोकळ राहते, त्यात पाणी साठतं, आणि ड्रिल लावलं की टाइल चिरते. दुसऱ्या दिवशी एक रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवा. भरीव टाइल टक् बोलते, पोकळ टाइल डब् बोलते. पोकळ निघालेली तिथल्या तिथे काढायला लावा, ग्राउट भरायच्या आत.

गळती नसेल आणि फक्त जुनाट दिसतंय म्हणून काम काढत असाल तर जुन्या टाइलवरच नवी चिकटवता येते. नाण्याच्या परीक्षेत भिंत पास झाली असेल तर मी हे करते. फोडतोडीचा मोठा खर्च आणि आठवड्याभराची धूळ वाचते. पण फक्त भिंतीला. जमिनीवर चढवली की उंबऱ्याची उंची जाते, दार खालून कापावं लागतं आणि स्लॅबवर वजन वाढतं.

कमोड आणि नळ

कमोड घ्यायला जाताना दोन गोष्टी कागदावर लिहून न्या: मैला भिंतीतून जातो की जमिनीतून, आणि मध्याचं अंतर. जमिनीतून जाणाऱ्या एस ट्रॅपला टाइल लागलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बाजारात साधारण नऊ आणि बारा इंचांचे मिळतात. भिंतीतून जाणाऱ्या पी ट्रॅपला जमिनीपासून उंची, ती बहुधा सात इंचांच्या आसपास. जुन्या भिंतीपासून मोजाल तर प्लास्टर आणि टाइलची जाडी धरायला विसरू नका.

भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी आणि अधांतरी कमोड दिसतं छान, खालून पुसताही येतं. पण जुन्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार इंची. तिच्यात टाकी बसवायची तर पुढे नवी भिंत घ्यावी लागते, आणि पाच फुटांतले सहा-सात इंच जातात. माझ्या प्रश्नाला लावून बघा: फोडावं लागेल. म्हणून लहान बाथरूमला जमिनीवर बसणारा वन-पीस किंवा बाहेरची टाकी. वॉशर गेला तर नाक्यावरचा प्लंबर अर्ध्या तासात बदलतो.

तीच गोष्ट डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या भिंतीतल्या कॉकची. भिंतीतला डायव्हर्टर म्हणजे आतलं पितळ एका कंपनीचं, वरची तबकडी त्याच कंपनीची, आणि मॉडेल बंद झालं की टाइल फोडा. बाहेर बसणाऱ्या वॉल मिक्सरचे दोन पाय सहा इंचांच्या ठरलेल्या अंतरावर असतात, कुठल्याही कंपनीचा काढून कुठल्याही कंपनीचा लावता येतो. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल तर दुसरा विचारच करू नका. डायव्हर्टर घ्यायचाच तर भिंतीच्या आतला भाग नावाजलेल्या कंपनीचा घ्या, आणि गवंड्याला टाइलची जाडी सांगूनच बसवायला लावा. फार आत गेला तर तबकडी बसत नाही.

नळ हातात घेऊन तोला. पितळी नळ हाताला जड लागतो, जस्ताच्या मिश्रणाचा हलका. क्षाराचं पाणी असेल, म्हणजे बोअर किंवा टँकर, तर काळे मॅट नळ घेऊ नका. पंधरा दिवसांत पांढरे ठिपके पडतात आणि आम्लाने पुसले की रंग जातो. साधा क्रोम बरा.

मोठा पावसासारखा शॉवर घ्यायच्या आधी घरातल्या नळाखाली वीस लिटरची बादली लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला दहा लिटर. त्याहून खूप कमी असेल तर आठ इंची शॉवरमधून धारा न येता नुसतं ठिबकेल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे खास सांगते: टाकी तुमच्या डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब ०.३ बारच मिळतो. त्यांना लहान तोंडाचा हातशॉवर.

काचेचं पार्टिशन एवढ्याशा जागेत मी सुचवत नाही. दोन इंची ग्रॅनाइटची पट्टी ओलं-कोरडं वेगळं ठेवते, आणि काच रोज पुसायला तुमच्याकडे कोण आहे?

घरात सत्तरीची माणसं असतील तर पकडायच्या दांड्याची जागा टाइल लागायच्या आधी ठरवा. तेवढ्या भागात टाइलमागे पोकळी अजिबात नको, आणि स्क्रू विटेत जायला हवा, सांध्यात नाही.

दार, वीज, गीझर

चौकट ग्रॅनाइटची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाची), लाकडाची नको. दार पीव्हीसीचं किंवा एफआरपीचं (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचं). गीझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. ती आधीच आहे का ते वायरमनला दाखवायला सांगा. गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत लावायचा नाही, कुणी कितीही म्हणो. जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

ठरवाठरवी

मजुरी आणि माल वेगळा ठरवा. टाइल, कमोड, नळ तुम्ही स्वतः आणा, बिल तुमच्या नावावर. वॉरंटी कार्डही मग तुमच्याकडे राहतं. सिमेंट, वाळू, पाइप कंत्राटदाराने आणावं, पण कागदावर लिहून: पाइपची कंपनी, एसडीआर, टाइप बी, लेपाचं नाव आणि किती हात. "वॉटरप्रूफिंगसह" एवढंच लिहिलेल्या कोटेशनवर सही करू नका. राडारोडा कुठपर्यंत नेणार हेही लिहा. गेटबाहेर ठेवून "आमचं काम झालं" म्हणणारे आहेत, आणि मग सोसायटीचं डिपॉझिट अडकतं.

पैसे टप्प्यांनी द्या: सुरुवातीला वीस टक्के, पहिली पाण्याची परीक्षा पास झाली की तीस, टाइल लागून नाणं वाजवून झालं की तीस, नळ-कमोड बसले की दहा. उरलेले दहा महिनाभर वापरून, खालच्या शेजाऱ्याकडून छत कोरडं असल्याचं ऐकून मग. कंत्राटदार कुरकुर करेल. मीही गिऱ्हाइकांपुढे करते, पण मान्यही करते.

परवानगीचं पत्र, कामाच्या वेळा, लिफ्टला प्लाय लावणं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधीच बोलून घ्या. ब्रेकरचा आवाज दुपारी एक ते तीन बंद ठेवा. आणि ज्या दिवशी ब्रेकर चालणार आहे त्याच्या आदल्या संध्याकाळी खालच्या आणि बाजूच्या घरी स्वतः जाऊन सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. खालच्या काकूंच्या देवघराची भिंत तुमच्या मोरीखालीच असेल, तर त्यांना देव हलवायला वेळ मिळायला हवा.